पुढचा ब्रेक दाबला की हँडल थरथरतं: दोष डिस्कचाच असतो का?

कुंभार्ली घाट उतरून पोफळीजवळ चहाला थांबायचं म्हणून मी बाइकचा पुढचा ब्रेक दाबला आणि हँडल हातातल्या हातात थरथरलं. वेग जेमतेम तीस. लिव्हरवरच्या दोन बोटांना कुणीतरी आतून टिचक्या मारतंय असं वाटत होतं. घरी आल्यावर गॅरेजमध्ये दाखवलं. "डिस्क आउट आहे, प्लेट बदलावी लागेल," एवढं निदान दोन मिनिटांत झालं. नवी डिस्क आली, नवे पॅड आले, गाडी पूर्वीसारखी गुळगुळीत थांबायला लागली. तीन महिन्यांनी थरथर परत आली. त्याच टिचक्या, त्याच वेगाला.

दुसऱ्या वेळी मात्र चाक उतरवून डिस्क जिथे बसते ती जागा पाहिली आणि कॅलिपर, म्हणजे पॅड धरून ठेवणारा भाग, हातात घेऊन हलवून बघितला. कारण दोन्हीकडे सापडलं. पहिली डिस्क खराब झाली होती हे खरंच होतं. ती कशामुळे खराब झाली हे कुणी पाहिलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. त्यामुळे नव्या डिस्कलाही तेच भोगावं लागलं.

पुढच्या ब्रेकच्या थरथरीबद्दल मला मुख्य सांगायचं आहे ते हेच. डिस्क बऱ्याचदा बिघडलेली असते, पण तिला बिघडवणारा भाग दुसराच असतो. आणि काही वेळा तर डिस्क अगदी निर्दोष असते, थरथर कोनसेटची, म्हणजे हँडलच्या मानेतल्या बेअरिंगची, किंवा टायरची असते. यातलं नेमकं काय आहे हे ओळखायला फार महागडी हत्यारं लागत नाहीत. एक मोकळा रस्ता, अर्धा दिवस आणि क्रमाने बघण्याची सवय पुरते.

सुरू करण्याआधी एक गोष्ट. लिव्हर दाबल्यावर तो मऊ, स्पंजासारखा लागत असेल, कॅलिपरजवळ किंवा नळीवर ओल दिसत असेल, चाक अचानक धरत असेल किंवा डिस्कला तडा दिसत असेल, तर पुढची कुठलीही चाचणी गाडी चालवून करू नका. गाडी टेम्पोत घालून न्या. पुढे लिहिलेलं सगळं ब्रेक नीट लागतो, पण थरथरतो, अशा गाडीसाठी आहे.

बोटाला टिचकी का लागते

पुढच्या चाकाला घट्ट बसवलेली पोलादी डिस्क चाकाबरोबर फिरते. तिच्या दोन्ही बाजूंना पॅड असतात आणि ते पॅड धरून ठेवणारा कॅलिपर शॉकअपच्या नळीला बसवलेला असतो. लिव्हर दाबला की मास्टर सिलेंडरमधलं ब्रेक ऑइल नळीतून कॅलिपरमध्ये ढकललं जातं, तिथले पिस्टन बाहेर सरकतात आणि पॅड डिस्कला चिमटीत पकडतात.

मास्टर सिलेंडरचा पिस्टन लहान असतो आणि कॅलिपरचे पिस्टन मोठे. त्यामुळे बोटांचा थोडासा जोर तिकडे कितीतरी पट होतो. पण जोर वाढतो त्याच प्रमाणात सरकणं कमी होतं, आणि उलट्या दिशेने हाच हिशेब तुमच्या बोटांपर्यंत येतो. समजा, मास्टर सिलेंडरचा व्यास १२.७ मि.मी. आहे आणि कॅलिपरमध्ये २६ मि.मी. व्यासाचे दोन पिस्टन आहेत. क्षेत्रफळाचं गुणोत्तर साधारण आठ येतं. लिव्हरचं टोक त्याच्या खिळीपासून लांब असतं, तिथे आणखी पाच पट धरा. म्हणजे पॅड जितका मागे ढकलला जाईल त्याच्या चाळीस पट लिव्हरचं टोक हलू पाहील. डिस्क एका जागी फक्त ०.०२ मि.मी.ने जास्त जाड असेल, तर बोटाला ०.८ मि.मी.चा धक्का लागू शकतो. वहीचा साधा कागद सुमारे ०.१ मि.मी. जाड असतो. म्हणजे कागदाच्या पाचव्या हिश्श्याएवढा फरक बोटाला कळतो. डोळ्यांना तो दिसणं शक्यच नाही. म्हणून "डिस्क बघितली, सरळ दिसते" या वाक्याला निदानात काही किंमत नाही.

इथे दोन वेगळ्या दोषांची गल्लत होते. एक म्हणजे डिस्कचं डोलणं. डिस्क सगळीकडे सारख्या जाडीची आहे, पण फिरताना डावी-उजवीकडे झुलते. गॅरेजच्या भाषेत हाच "आउट". दुसरा दोष जाडीतला फरक. डिस्क सरळ फिरते, पण कुठे जाड आहे, कुठे पातळ.

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांचा कॅलिपर सरकता असतो. पिस्टन एकाच बाजूला असतात आणि कॅलिपरची सगळी चौकट दोन पिनांवर आडवी सरकते. डिस्क थोडी झुलली तर हा कॅलिपर तिच्यामागून सरकतो, पॅडमधलं अंतर बदलत नाही आणि बोटाला फारसं काही कळत नाही. जाडी बदलली की मात्र पळवाट नसते. पॅड ढकलले जातात, ऑइल मागे येतं, लिव्हर टिचकी मारतो.

मग डोलण्याची काळजी का करायची? कारण जाडीतला फरक बऱ्याचदा त्याच्यातूनच जन्माला येतो. ब्रेक सोडलेला असतानाही पॅड डिस्कपासून केसभरच दूर असतात. डोलणाऱ्या डिस्कचा एकच भाग प्रत्येक फेरीत पॅडला घासून जातो. घासून घासून तो भाग तरी झिजतो, नाहीतर त्या जागी पॅडच्या मसाल्याचा, म्हणजे त्याच्या घासणाऱ्या पदार्थाचा, थर बसत जातो. हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये जाडी असमान होते आणि थरथर सुरू होते. नवी डिस्क वाकडी बसवली गेली तर पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही, ते यामुळेच. आजार आधीच सुरू झालेला असतो, ताप नंतर येतो.

आधी चालवून ओळखा

सकाळी लवकर, रहदारी नसलेला, सरळ आणि कोरडा रस्ता निवडा. टायरची हवा कंपनीने सांगितलेल्या दाबाइतकी भरून घ्या, नाहीतर पुढचे सगळे निष्कर्ष चुकतील.

पन्नास-साठच्या वेगाला थ्रॉटल सोडा, क्लच दाबा आणि ब्रेक अजिबात न लावता गाडी आपोआप मंद होऊ द्या. हँडल या वेळीही थरथरलं तर दोष ब्रेकचा नाही. वाकलेली रिम, खाचा पडलेला टायर, सैल आरे किंवा गेलेलं चाकाचं बेअरिंग असू शकतं. पुन्हा तोच वेग घेऊन फक्त मागचा ब्रेक लावा. थरथर सीटखालून आणि पायांत आली तर तुम्ही चुकीच्या चाकामागे लागला आहात. मग फक्त पुढचा, हळूच, एक-दोन बोटांनी, सारख्या जोराने दाबा आणि मनापासून लक्ष द्या.

क्लच दाबायला सांगतो त्यामागे कारण आहे. वरच्या गिअरमध्ये गाडी हळू झाली की एक सिलेंडरचं इंजिन अडखळतं आणि सैल चेन झटके देते. ते झटके पुढच्या ब्रेकचे समजून लोक पॅड बदलतात. क्लच दाबला की तो संशय संपतो.

आता ठोके मोजायचे. १७ इंची रिम आणि ९०/९० टायर असेल तर चाकाचा घेर अंदाजे १.८६ मीटर भरतो. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला नऊ फेऱ्या मारतं, ३० ला साडेचार, २० ला तीन, १० ला दीड. साठच्या वेगाला नऊ टिचक्या मोजता येणार नाहीत, ती नुसती गुरगुर वाटेल. पण वेग वीसच्या खाली आला की "टक… टक… टक…" असा ताल स्पष्ट लागतो. गाडी हळू होईल तसा ताल संथ होत गेला, तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूत आहे. डिस्क, हब (चाकाचा मधला भाग), रिम, टायर, बेअरिंग यांपैकी काहीतरी. वेग कमी झाला तरी थरथरीचा ताल तोच राहिला, किंवा ती एका ठरावीक वेगालाच येऊन पुन्हा गेली, तर न फिरणाऱ्या भागांकडे बघा: कोनसेट, शॉकअप, कॅलिपरचे बोल्ट. माझ्या मते सगळ्या निदानातली ही सगळ्यात उपयोगी पाच मिनिटं आहेत, आणि गॅरेजमध्ये गाडी दोन चकरा मारून आणली जाते तेव्हा नेमकी हीच राहून जातात.

ताल कळला की जागा ओळखा. टिचकी बोटांना, म्हणजे लिव्हरमध्ये लागते की तळहातांना, म्हणजे हँडलच्या मुठीत? लिव्हरमध्ये लागत असेल तर जाडीतल्या फरकावर संशय घ्या. लिव्हर शांत आहे आणि हँडल पुढे-मागे हादरतंय, तर कोनसेट किंवा शॉकअपचे बुश (नळ्यांना आतून आधार देणाऱ्या कड्या). हँडल डावी-उजवीकडे झुलतंय, तर टायर, रिम, बेअरिंग.

तिसरा प्रश्न, थंड असताना होतं की गरम झाल्यावर? फक्त लांब उतारानंतर येणारी आणि अर्ध्या तासाने नाहीशी होणारी थरथर उष्णतेची असते. डिस्कचा बाहेरचा कडा तापून पसरतो, मधला भाग मात्र थंड हबला बोल्टने जखडलेला असतो, त्यामुळे डिस्क बशीसारखी किंचित खोलगट होऊ पाहते. मोठ्या गाड्यांवर तरंगती डिस्क याचसाठी असते. बाहेरचं कडं आणि मधला भाग वेगळे असतात आणि छोट्या गोल बटणांनी सैलसर जोडलेले असतात, म्हणजे कडं मोकळेपणी पसरू शकतं. त्या बटणांत चिखल आणि गंज भरला की तरंगती डिस्क तरंगत नाही. दोन बोटांनी एकेक बटण फिरवून बघा, थोडं तरी फिरायला हवं.

एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीबद्दल दोन शब्द. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे आता ते बऱ्याच गाड्यांना असतं. वाळूवर, खडीवर किंवा ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर लिव्हर भराभर मागे मारतो, ती यंत्रणा तिचं काम करते आहे. कोरड्या डांबरावर हलक्या दाबाला तसं होत असेल तर चाकाजवळचं दातेरी कडं आणि त्याच्यासमोरचा सेन्सर बघा. कडं वाकलेलं असेल किंवा सेन्सरवर कचरा असेल तर यंत्रणेला चाक घसरल्याचा भास होतो.

गाडी उभी करून

पुढचं चाक हवेत हवं. डबल स्टँड असेल तर मागे कुणाला तरी बसवा. नसेल तर इंजिनखाली लाकडी ठोकळा आणि जॅक लावा, पण सायलेन्सरवर किंवा ऑइल फिल्टरच्या झाकणावर भार देऊ नका.

चाक हाताने गरकन फिरवा आणि कान द्या. पॅडची हलकी, एकसारखी खरखर ठीक आहे. "शूं… शूं…" अशी फेरीत एकदाच घास येत असेल तर डिस्क झुलते आहे. आता लिव्हर एकदा दाबून सोडा आणि पुन्हा फिरवा. चाक जड फिरलं तर पॅड सुटत नाहीयेत.

चाकाला वर-खाली धरून आडवं हलवा. खटका लागला तर बेअरिंग गेलं. हे डिस्क मोजण्याआधीच करायचं, कारण सैल बेअरिंगवर मोजलेला कुठलाही आकडा खोटा असतो.

मग कोनसेट. शॉकअपच्या नळ्या खालच्या टोकाला दोन्ही हातांनी धरा आणि पुढे-मागे ओढा. मित्राला हँडलच्या मानेपाशी, जिथे फिरणारा आणि न फिरणारा भाग मिळतो, त्या फटीवर बोट ठेवायला सांगा. खटका त्या बोटाला लागला तर कोनसेट सैल आहे. बोट शांत राहिलं आणि खटका शॉकअपच्या आत, सीलजवळ जाणवला तर बुश झिजलेत. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे ढकलायची ही सगळ्यांना माहीत असलेली पद्धत, पण तिच्यात पॅडचा कॅलिपरमधला स्वाभाविक सैलपणाही "टक" करतो, आणि चांगला कोनसेट बदलला जातो. म्हणून बोट ठेवूनच तपासा. शेवटी हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश वळवा. मध्यावर आलं की ते किंचित अडकून बसतं का? बसत असेल तर गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडलेत. असा कोनसेट आवळून उपयोग नाही, बदलावाच लागतो.

सैल कोनसेट डिस्क चांगली असतानाही थरथर कसा निर्माण करतो, तेही समजून घ्या. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि शॉकअप मागच्या दिशेला ढकलला जातो. मान सैल असेल तर तो ढकलला जातो, परत येतो, पुन्हा ढकलला जातो. वेग कमी झाला तरी या झोक्याचा ताल फारसा बदलत नाही. रस्त्यावर मोजलेला ताल इथे कामी येतो.

मोजमाप

डिस्कचं डोलणं मोजायला डायल गेज, म्हणजे बारीक फरक काट्यावर दाखवणारं मोजमापाचं साधन, लावतात. ते शॉकअपच्या नळीला पक्कं बांधायचं, टोक डिस्कच्या बाहेरच्या कड्यापासून काही मिलिमीटर आत टेकवायचं आणि चाक सावकाश एक पूर्ण फेरी फिरवायचं. काट्याच्या दोन टोकांमधला फरक म्हणजे डोलणं. कंपन्यांच्या दुरुस्ती पुस्तिकांमध्ये याची मर्यादा बऱ्याच गाड्यांना ०.३ मि.मी. दिलेली असते, काहींना ०.१ ते ०.१५ एवढी कडक. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या पुस्तिकेतून घ्या. डायल गेज नसेल तर प्लॅस्टिकची केबल टाय नळीला बांधा, तिचं टोक डिस्कला लागेल न लागेल असं कापा आणि चाक फिरवून फट कमी-जास्त होते का ते टॉर्चच्या उजेडात पाहा. आकडा कळणार नाही, पण तीन कागदांएवढं डोलणं असेल तर ते दिसेल. सगळ्यात जास्त डोलतं तिथे खडूने खूण करा.

जाडी मोजायला मायक्रोमीटर लागतो. व्हर्नियरने फसायला होतं, कारण डिस्कच्या अगदी कडेला पॅड पोहोचत नाही, तिथे न झिजलेली कड उभी राहते आणि व्हर्नियरचे जबडे तिच्यावरच टेकतात. पॅड फिरतो त्या पट्ट्यात, सारख्या अंतरावर आठ जागी मोजून आकडे कागदावर लिहा. गावात लेथचं वर्कशॉप असेल तर तिथला माणूस हे काम पाच मिनिटांत करून देईल. आठ आकड्यांत एक-दोन शतांश मि.मी.पेक्षा जास्त फरक आला तर टिचकीचं कारण मिळालं. डिस्कवर किमान जाडीही कोरलेली असते, लहान गाड्यांवर ३.५ मि.मी.सारखा आकडा दिसतो. सर्वात पातळ जागा त्याच्या खाली गेली असेल तर पुढे काही तपासायची गरज नाही, डिस्क संपली.

आता हे करायलाच हवं असं पाऊल. डोलणं जास्त निघालं तर डिस्क काढा आणि हबवरची तिची बैठक बघा. कोकणात खारी हवा आणि चार महिने पाऊस, तिथल्या गाड्यांच्या बैठकीवर गंजाचे फोड हमखास सापडतात. रिमला नव्याने पावडर कोटिंग केलं असेल तर रंगाचा थरही तिथे बसलेला असतो. हिशेब करा: बैठकीचा व्यास ८० मि.मी. आणि डिस्कचा २४० मि.मी. बैठकीच्या एका बाजूला ०.१ मि.मी.चा रंग किंवा गंज राहिला तर बाहेरच्या कड्याला ते डोलणं तिप्पट, म्हणजे ०.३ मि.मी. होतं. एका कागदाएवढ्या कचऱ्याने नवीकोरी डिस्क मर्यादेला जाऊन टेकते. माझ्या गाडीत हेच झालं होतं. बैठक स्वच्छ घासून, तीच डिस्क पुन्हा बसवून मोजल्याशिवाय तिला वाकडी ठरवू नये.

बैठक स्वच्छ असूनही डिस्क झुलते, तर ती खरंच वाकली आहे. बहुतेक लोक याचा दोष उष्णतेला देतात. दुचाकीची डिस्क स्टेनलेस स्टीलची असते, उघड्यावर वारा खात फिरते. रोजच्या वापरात ती तापून कायमची वाकणं मला फारसं पटत नाही. तिला मार बसतो तो दुसरीकडे. पंक्चरच्या दुकानात चाक डिस्कच्या बाजूने जमिनीवर टाकून त्यावर पाय देऊन टायर काढतात. डिस्कलॉक विसरून गाडी पुढे घेतली जाते. गाडी डिस्कच्या बाजूला पडते. पंक्चरवाल्याला "दादा, चाकाखाली जुनी रिम किंवा टायर ठेवा, डिस्क वर राहू दे" एवढं म्हटलं की ते ऐकतात, त्यांनाही गाडी नीट राहावी असंच वाटतं. वाकलेली डिस्क हातोडीने किंवा प्रेसखाली सरळ करून देतो म्हणणाऱ्याला मात्र नकार द्या. शतांश मिलिमीटरचं काम हातोडीचं नाही.

कॅलिपर: खरा गुन्हेगार अनेकदा इथे

पॅड काढून शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही जवळपास सारखे झिजलेले असावेत. पिस्टनकडचा पॅड पत्र्याला टेकलाय आणि समोरचा अर्धा शिल्लक आहे, असं दिसलं तर सरकत्या पिना जाम आहेत. कॅलिपर डिस्कच्या मागे सरकू शकत नाही, म्हणून डिस्कच्या एकाच बाजूला सगळा भार येतो आणि दुसऱ्या बाजूचा पॅड सुटत नाही. पॅड एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ असा पाचरीसारखा झिजला असेल तर कॅलिपर तिरका बसतोय.

पिना बाहेर ओढा. त्यांच्यावर रबरी टोप्या असतात, त्या फाटल्या की पावसाचं पाणी आत जातं आणि ग्रीसचं काळं चिकट होतं. पिना कापडाने पुसा, बारीक गंज काढा, खोल खड्डे असतील तर बदला. मग ब्रेकसाठी मिळणारं सिलिकॉन ग्रीस पातळ लावा. बेअरिंगला लावतो ते साधं ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबर फुगतं आणि पिना पहिल्यापेक्षा घट्ट बसतात.

पिस्टनला मागे खेचणारी स्प्रिंग नसते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची रबरी सील असते. ब्रेक दाबला की पिस्टनबरोबर ती किंचित पिळली जाते आणि सोडल्यावर पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे घेते. पिस्टनवर घाण किंवा गंज असेल, सील कडक झाली असेल, तर हे मागे घेणं थांबतं, पॅड डिस्कला टेकून राहतो आणि डिस्क सतत तापते. पाच-सहा किलोमीटर ब्रेक जवळजवळ न लावता चालवून आल्यावर डिस्कजवळ हाताचा मागचा भाग न्या, स्पर्श करू नका. चांगली आच लागली तर पॅड अडकलेत.

पॅडच्या तोंडाकडेही बघा. काचेसारखा चकचकीत असेल तर तो भाजला आहे. वरचा थर पॉलिश पेपरने, सपाट काचेवर ठेवून, हलका घासता येतो. घासताना तोंडाला मास्क लावा आणि धूळ फुंकून उडवू नका. ऑइल किंवा ग्रीस प्यायलेला पॅड मात्र वाचवता येत नाही. शॉकअपची सील गळून ऑइल थेट कॅलिपरवर उतरतं, तेव्हा आधी सील, मग पॅड. डिस्क ब्रेक क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डिझेल-रॉकेलने धुण्याची पद्धत सोडून द्या, ते तेलाचा पापुद्रा मागे ठेवतं.

कधी कधी डिस्क सरळ असते, जाडीही ठीक, तरी घाटानंतर थरथर सुरू होते. उतारभर ब्रेक धरून आलो, डिस्क तापली, आणि खाली सिग्नलला किंवा टपरीपाशी लिव्हर तसाच घट्ट दाबून उभे राहिलो, तर पॅडचा मसाला त्या एका जागेवर छाप सोडतो. डिस्कवर पॅडच्या आकाराचा गडद डाग दिसला तर हेच. डाग बारीक पॉलिश पेपरने गोल गोल घासून काढता येतो. घाट उतरताना खालचा गिअर टाकून इंजिनला गाडी धरू द्या, दोन्ही ब्रेक वाटून, दाबून-सोडून वापरा. थांबल्यावर गाडी पायांवर किंवा मागच्या ब्रेकवर धरा. आणि तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नका.

ड्रम असेल तर

पुढे ड्रम ब्रेक असलेल्या गाड्यांचीही हीच कुळकथा, फक्त भाग वेगळे. तिथे ड्रम लंबगोल होतो. आऱ्यांच्या चाकात याचं नेहमीचं कारण म्हणजे रिमचा आउट काढताना आरे असमान ताणले जाणं. आरे हबला ओढतात आणि हबच्या आतला ड्रम गोल राहत नाही. रिम सरळ करून आणल्यानंतर ब्रेक थरथरायला लागला असेल तर आऱ्यांचा ताण पुन्हा तपासायला सांगा. ड्रम लेथवर आतून कापून गोल करता येतो, पण चाक आऱ्यांसकट बसवूनच, आणि ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाच्या आतच. १३० मि.मी.च्या ड्रमवर बहुधा १३१ लिहिलेलं असतं.

जोडताना

बैठक स्वच्छ, डिस्कचे बोल्ट समोरासमोर आळीपाळीने आवळत जायचे, शेवटचा फेरा टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने. बोल्टला थ्रेड लॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावा. नवी डिस्क असेल तर बसवण्याआधीच तिची जाडी आठ जागी मोजा, स्वस्त डिस्क काही वेळा दुकानातूनच असमान येते. चाक चढवून अॅक्सलचा नट आवळला की शॉकअपच्या नळीवरचा अॅक्सल धरणारा बोल्ट लगेच घट्ट करू नका. गाडी जमिनीवर घेऊन पुढचा शॉकअप चार-पाच वेळा दाबा, दोन्ही नळ्या आपापल्या जागी बसू द्या, मग तो बोल्ट आवळा. हे न केल्याने नळ्या एकमेकींना तिरक्या राहतात आणि कॅलिपरही तिरका बसतो. चाक चढवल्यावर, गाडी हलवण्याआधी, लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा. पॅड मागे ढकललेले असतात, पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही.

त्यानंतर पॅड बसवून घ्यायचे. मोकळ्या रस्त्यावर पन्नासपासून दहापर्यंत मध्यम जोराने वेग कमी करा, पूर्ण न थांबता पुन्हा वेग घ्या, असं आठ-दहा वेळा. मध्ये थोडं थोडं अंतर ब्रेक न लावता चालवून डिस्क थंड होऊ द्या. पॅडचा मसाला डिस्कवर सगळीकडे सारखा चढावा, एका जागी साचू नये, म्हणून पूर्ण थांबायचं नाही.

जाडीचे आठ आकडे आणि डोलण्याचा आकडा लिहिलेला कागद गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. हजार किलोमीटरनंतर पुन्हा मोजा. आकडे तसेच असतील तर काम पूर्ण झालं. एखादी जागा पातळ व्हायला लागली असेल तर थरथर बोटांना कळण्याच्या कितीतरी आधी तुम्हाला समजलेलं असेल, आणि डिस्क अजून वाचवता येईल.